स्पेसरच्या नावाखाली गळ्यात मारलेले सहा वॉशर

मोटरसायकलचं पुढचं चाक बदलायचं खूळ माझंच, हे आधी कबूल करतो. दुसऱ्या मॉडेलचं अलॉय चाक मिळालं. विकणारा म्हणाला, थेट बसतं. एक्सल बसला, डिस्क बसली, पण चाक फिरवलं की कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, आऱ्यांना घासायचा.

गॅरेजवाल्याने वाकून बघितलं. "काही नाही साहेब, कॅलिपरमागे पाच मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकल्या की झालं. लेथवर करून घेतो. बोल्टही लांब, हाय टेन्साइल टाकतो." बिलावर तसं लिहूनही दिलं. संध्याकाळी चाक गर्रकन फिरवून दाखवलं, आवाज नाही. मी खूश होऊन घरी.

पुढे पॅड झिजले. नवे पॅड मी घरीच टाकले आणि पहिल्याच फेरीला तोच खर्र-खर्र आवाज. बाहेर सरकवलेला कॅलिपर परत आत आला कसा? खोलायला बसलो.

बोल्ट साडेपाच फेऱ्यांत हातात आला. डोक्यावर कंपनीचा पिवळ्या रंगाचा ठिपका तसाच. म्हणजे जुनाच बोल्ट! लांब बोल्ट टाकलाच कुठे होता? स्पेसर काळा, दिसायला एकसंध. नख लावलं तर रंगाखाली एक बारीक रेघ, मग दुसरी. स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं तसे तीन साधे वॉशर सुटे झाले. प्रत्येकी 1.6 मिलिमीटर, तिन्ही मिळून 4.8. दोन बोल्टांचे मिळून सहा. वरून काळा स्प्रे मारलेला. स्पेसर न घालता तोच बोल्ट पिळून पाहिला, तर साडेनऊ फेरे धरला. 8 मिलिमीटरच्या बोल्टाला ॲल्युमिनियममध्ये साधारण दीडपट, म्हणजे 12 मिलिमीटर आटे धरलेले असावेत असा फिटर लोकांचा हिशेब. माझे साडेपाच फेरे, फेऱ्याला सव्वा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 7 धरलेले, आणि त्यावर मी ब्रेक दाबत फिरत होतो.

पण खरी गंमत वेगळीच आहे. माझा कॅलिपर पिनांवर सरकणारा, पिस्टन एकाच बाजूला. असा कॅलिपर ब्रॅकेटच्या, म्हणजे फोर्कला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) बोल्टांनी पक्क्या बसणाऱ्या तुकड्याच्या हिशेबाने बसत नाही, डिस्कच्या हिशेबाने बसतो. ब्रॅकेट कितीही बाहेर ढकला, ब्रेक दाबला की बॉडी सरकून डिस्कभोवतीच येणार. आरे आणि कॅलिपरमधली फट ठरते ती डिस्क कुठे आहे आणि आतला पॅड किती जाड आहे यावर. म्हणजे ते स्पेसर अस्सल असते तरी फुकटच! मग त्या संध्याकाळी चाक मोकळं कसं फिरलं? जुन्या पॅडांचे पुडके शोधताना लक्षात आलं: गॅरेजवाल्याने लावून दिलेले पॅड माझे नव्हतेच. माझे अर्धे शिल्लक होते, हे पार पत्र्याला आलेले. पॅड पातळ, म्हणून बॉडी बाहेर, म्हणून फट. वर आतल्या नव्या पॅडचा कान ब्रॅकेटच्या काठावर कसाबसा टेकलेला. तो निसटला असता तर काय झालं असतं याचा विचार मी फार करत नाही.

फट हवी असेल तर डिस्कही तेवढीच बाहेर यायला हवी: हब आणि डिस्कमध्ये एकसंध कातलेली रिंग, डिस्कचे बोल्ट त्या मापाने लांब, आणि मगच ब्रॅकेटखाली तेवढ्याच जाडीचा स्पेसर. त्यानंतर डिस्क फोर्कला लागत नाही ना, तेही बघायचं. आणि कुणी असं काम करून दिलं तर गाडी घेण्याआधी त्याच्यासमोरच एक बोल्ट सोडवायला लावा आणि फेरे मोजा. पॅडही काढून बघा, नव्या पॅडवर चाक फिरवून दाखवायला सांगा.

मी जुनं चाक परत चढवलं. सहाही वॉशर आणि बिल घेऊन गॅरेजवर गेलो. त्याने वॉशर हातात घेऊन उलटसुलट केले, बिलाकडे बघितलंच नाही.

"पाच कमी पडले होय? आणा गाडी, आठचे टाकून देतो."