वेव्हएडिट: चौसष्ट घरांत मिरजेचा तंबोरा
हार्डवेअर सिंथसाठी (आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यासाठी) स्वतःची वेव्हटेबल्स, म्हणजे एकातून दुसरीत सरकता येणाऱ्या लहरींचे संच, बनवायची असतील तर वेव्हएडिट हे सॉफ्टवेअर आधी उतरवून घ्या. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मुळात ते सिंथेसिस टेक्नॉलॉजी कंपनीच्या ई३५२ आणि ई३७० या सिंथ मॉड्यूल्ससाठी आहे.

एका बँकेत (संचात) ६४ लहरी, प्रत्येक लहर २५६ सॅम्पलची, म्हणजे २५६ बिंदूंची. त्या आठ बाय आठच्या चौकटीत बसतात आणि मॉड्यूलवर आडवं-उभं दोन्हीकडे फिरता येतं. माझा जीव जडला तो या चौकटीवर. सदाशिव पेठेत आमच्या घरी आत्याचा मिरजेचा तंबोरा आहे. रात्री रस्ता शांत झाल्यावर रेकॉर्डिंगला बसलो. आत्या घोडीवरचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा केसभर सरकवायची, जोडाची, म्हणजे सा ची तार छेडायची आणि नाद पूर्ण विरेपर्यंत हात लावू द्यायची नाही. दोऱ्याच्या आठ जागा मी उभ्या मांडल्या, छेडल्यानंतरचे आठ क्षण आडवे. आता एका नॉबने जवारी (दोऱ्यामुळे येणारी नादाची झणझण) खुलते, दुसऱ्याने नाद ओसरतो. तंबोऱ्याच्या तयार रेकॉर्डिंगमध्ये जवारी एकदाच लागलेली असते, तिथे हे सुख नाही.

वेव्हएडिटमध्ये लहरीखाली उपस्वरांच्या (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांच्या) पट्ट्या दिसतात. तार बरोबर मध्यावर छेडली तरी तंबोऱ्यात एरवी तिथे गप्प राहणारा दुसरा उपस्वर ठणठणीत वाजतो. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये घोडीच्या याच किमयेवर लिहिलं होतं. दोरा काढा, वरच्या पट्ट्या लगेच बसतात.

रेकॉर्डिंगमधून आवर्तनं (लहरीचा एकेक पूर्ण फेरा) कापायला मात्र मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. पेटीच्या काळी चार पट्टीतला सा सुमारे २०७.७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये एका आवर्तनाला साधारण २१२ सॅम्पल. ते ताणून २५६ करायचे. खरी मेहनत फेजची, म्हणजे प्रत्येक उपस्वर फेऱ्यात कुठून सुरू होतो त्याची. तारेचे उपस्वर अचूक पटीत नसतात, किंचित चढे असतात, त्यामुळे क्षणागणिक त्यांची फेज सरकते. मग शेजारच्या दोन लहरी मिसळताना काही उपस्वर एकमेकांना खातात आणि आवाज मधेच पोकळ होतो. फूरिअर रूपांतर करून (लहर उपस्वरांत सुटी करण्याचं गणित) उपस्वरांची तीव्रता तशीच ठेवा, फेज सगळ्या लहरींत सारखी करा. लहरीचा आकार बदलतो, पण मॉर्फिंग (एका लहरीतून दुसरीत सरकणं) सलग होतं.

दुसरा सिंथ असेल तरी हरकत नाही, चौसष्ट लहरी वेगवेगळ्या वेव्ह फाइल्स म्हणून काढता येतात. फक्त त्या सिंथचं माप आधी बघा. वॉल्डॉर्फ ब्लोफेल्ड या सिंथला १२८ सॅम्पलची लहर लागते आणि ती सिसेक्सने (मिडीवरून जाणाऱ्या डेटा संदेशाने) पाठवावी लागते.