एकच बघायचा असेल तर: 'जस्ट मर्सी' की 'द हरिकेन'?

दोन्ही सिनेमे खऱ्या खटल्यांवरचे, दोन्ही सव्वादोन तासांच्या वरचे. एका बैठकीत दोन्ही उरकायच्या भानगडीत पडू नका, पचणार नाहीत.

'जस्ट मर्सी' (2019) घडतो अलाबामातल्या मन्रोव्हिलला. ज्या खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियनला (जेमी फॉक्स) दोषी ठरवलं, त्या वेळी तो घरीच होता. चर्चसाठी मासे तळून विकणं चाललं होतं, कितीतरी लोकांनी त्याला तिथे पाहिलं होतं. पण पाहणारे कृष्णवर्णीय, आणि ज्युरीतल्या बारांपैकी अकरा गोरे. ज्युरीने जन्मठेप सुचवली, ती डावलून न्यायाधीशाने मृत्युदंड दिला. तेव्हा तिथल्या कायद्यात तशी सोय होती. ती 2017 साली गेली. वॉल्टर 1993 मध्ये सुटला.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो वॉल्टरच्याच तुरुंगातला हर्बर्ट रिचर्डसन. व्हिएतनाम युद्धातून मोडून आलेला हा सैनिक निर्दोष नाही. त्याने ठेवलेल्या बॉम्बने एका मुलीचा जीव गेलाय. त्याला विजेच्या खुर्चीकडे नेतात तेव्हा बाकीचे कैदी गजांवर पेले आपटत राहतात. निरपराध माणसासाठी हळहळणं सोपं. ह्याच्यासाठी घसा दाटून येतो तेव्हा आपलीच पंचाईत होते. वकील ब्रायन स्टीव्हन्सन मात्र जरा जास्तच संत वाटतो. त्यात मायकल बी. जॉर्डनचा दोष नाही, पटकथेने त्याला चिडायलाच फारसं दिलेलं नाही.

चिडका माणूस हवा तर 'द हरिकेन' (1999). न्यू जर्सीचा बॉक्सर रुबिन कार्टर, 1966 चं तिहेरी हत्याकांड, 1985 मध्ये सुटका. तुरुंगाचे कपडे घालणार नाही म्हणून अंधारकोठडीत टाकलेला कार्टर स्वतःशीच भांडतो, तो प्रसंग म्हणजे डेन्झेल वॉशिंग्टनची कमाल. पुढे त्याचं पुस्तक वाचून एक किशोरवयीन मुलगा पत्र पाठवतो आणि हा कडवट माणूस हळूहळू सैल होतो. क्षमा हा विषय खरा इथेच उलगडतो.

इतिहास म्हणून मात्र ह्यावर विसंबू नका. वर्णद्वेषाचं सगळं खापर एका काल्पनिक पोलिसावर फुटतं. 1964 ची बॉक्सर जोई जिआर्डेलोविरुद्धची लढत पंचांनी कार्टरच्या हातून हिसकावून घेतली असं दाखवलंय. त्यावरून जिआर्डेलोने दावा लावला, प्रकरण तडजोडीने मिटलं.

मी आधी 'जस्ट मर्सी' लावेन. घरात शाळकरी मुलं असतील तरी तोच, फक्त रिचर्डसनच्या प्रसंगाला शेजारी बसा.