एप्रिलमध्ये जर्मनी की जानेवारीत फ्रान्स?

चोपड्याची माझी मामेबहीण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या करारातून तिला एक सेमिस्टर परदेशात करायला मिळतंय आणि जागा दोन ठिकाणी आहेत. जर्मनीतलं एप्रिलला सुरू होणारं सत्र, नाहीतर फ्रान्समधलं जानेवारीचं. मी काही वर्षांपूर्वी जळगावहून जर्मनीला असंच एक सत्र करून आलो, त्यामुळे घरातला सल्लागार मीच. मामाचा प्रश्न खर्चाचा, आजीचा ‘तठे काय खाशी माय?’ आणि तिचा स्वतःचा, कुठलं शहर भारी. मला मात्र या तिन्हींच्या आधी कॅलेंडर दिसतं.

त्याच्याही आधी एक खुंटा बळकट करून घ्या. तुमचं हे खरंच एक्स्चेंज आहे का? दोन संस्थांचा चालू करार असेल, तर तुम्ही आपल्याच कॉलेजची फी भरता आणि तिकडची शिकवणी फी माफ असते. करार नसताना एजंट जे ‘सेमिस्टर अब्रॉड’ विकतात त्यात तिकडची फी वेगळी पडते. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो लागतात, पण करारातून आलेल्यांना ते माफ आहेत. प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्रेममध्ये लावलेला करार पुरेसा नाही. तो आज चालू आहे का आणि त्यात तुमच्या शाखेला जागा आहे का, हे विचारा.

आता कॅलेंडर. आपलं सम सेमिस्टर जानेवारीला सुरू होतं आणि मेपर्यंत परीक्षा उरकतात. फ्रान्सचं दुसरं सत्रही साधारण जानेवारी ते मे. म्हणजे सहावं सेमिस्टर अख्खं उचलून तिकडे ठेवता येतं आणि जुलैत सातव्याला वर्गात हजर. जर्मनीचं उन्हाळी सत्र कागदोपत्री 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर. तास एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा पुढे ऑगस्टपर्यंत लांबू शकतात. त्यात तुमचं सहावं सेमिस्टर ऐन परीक्षेच्या तोंडावर सुटतं आणि सातव्याची सुरुवातही बुडते. मी हे भोगलंय. राहिलेले दोन पेपर पुढच्या वर्षी ज्युनिअर पोरांच्या बाकावर बसून दिले. जर्मनी बसतं ते आठव्या सेमिस्टरला, जेव्हा आपल्याकडे नुसता प्रोजेक्ट उरलेला असतो आणि तो तिकडच्या प्रयोगशाळेत करता येतो. मात्र निकाल हाती यायला सप्टेंबर उजाडतो. जुलैत नोकरीवर रुजू व्हायचं असेल तर तिथे पंचाईत.

पैशाच्या बाबतीत पारडं वेगळं झुकतं. जर्मनीच्या व्हिसासाठी सहसा ब्लॉक्ड अकाउंट दाखवावं लागतं. सध्याचा दर महिन्याला 992 युरो, म्हणजे सहा महिन्यांचे 5,952. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाखांच्या घरात. पैसे तुमचेच असतात, तिकडे गेल्यावर दरमहा हप्त्यानं तुम्हालाच मिळतात, पण व्हिसाच्या आधी ते एकरकमी उभे करावे लागतात. फ्रान्सला महिन्याला 615 युरोंची सोय दाखवायची, पाच महिन्यांचे 3,075. तेही पालकांच्या खात्यावर आणि हमीपत्रावर चालतं. फ्रान्स अर्ध्यात, असं वाटेल. पण ते दाखवायचं कधी? जानेवारीत जायचं तर व्हिसाची कागदं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे मामाचा कापूस अजून वेचणीला असतो. एप्रिलच्या जर्मनीला कागदं जानेवारीत, तोवर कापूस मोडलेला, म्हणजे विकलेला असतो. नोकरदार घरांना हा फरक जाणवणार नाही, आमच्याकडे याच्यावरच रात्रभर खल झाला. शिवाय दाखवायचे 615 आणि लागणारे 615 यात फरक आहे. पॅरिसमध्ये ते भाड्यातच संपतील, लहान गावात कसंबसं भागेल. आरोग्य विम्याला जर्मनीत महिन्याला 140 ते 150 युरोंच्या घरात जातात. फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांची सरकारी आरोग्य योजनेतली नोंदणी फुकट असते. काम करायची परवानगी दोन्हीकडे आहे, पण एका सत्रात भाषा न येता काम मिळेल हा हिशेब वहीत लिहूच नका.

सगळ्यात जास्त मनस्ताप मला मार्कांनी दिला. जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 नापास. माझे 1.7 बघून आमच्याकडचे बाबू म्हणाले, ‘दहापैकी पावणेदोन? अवघड आहे बुवा.’ तीन महिने खेटे घातले. शेवटी परदेशी गुण जर्मन गुणांत बदलायला तिकडे वापरतात ते बव्हेरियन सूत्र उलटं फिरवून दाखवलं. दहाला कमाल आणि चारला पास धरलं, तर 1.7 चे 8.6 होतात. फ्रान्सची गंमत याहून बेरकी. तिथे गुण वीसपैकी, दहाला पास आणि 16 म्हणजे अत्युत्तम. 14 मिळाले तरी प्राध्यापक पाठ थोपटतात. पण आपल्याकडे सरळ पाचनं गुणून त्याचे 70 टक्के करतात आणि वर्गातला पहिला नंबर गेला. जर्मनीचा आकडा उलटा असल्यामुळे निदान शंका तरी येते. फ्रान्सचा सरळ दिसतो आणि गुपचूप नुकसान करतो. म्हणून निघण्याआधीच गुणांचं रूपांतर कसं करणार ते विभागप्रमुखांच्या सहीनं लेखी घ्या. त्याच कागदावर क्रेडिटचंही ठरवून घ्या. युरोपात सत्राला 30 ईसीटीएस (तिकडची क्रेडिट), आपल्याकडे साधारण 20 ते 22 क्रेडिट. कुठला विषय कशाच्या बदल्यात, हे लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे जाण्याआधी विषय ठरवून घेतात त्या करारपत्रात, नावासकट हवं.

राहायची सोय दोन्हीकडे अवघड. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाचं पत्र आल्या दिवशीच टाका. खासगी खोली बघायची तर फ्रान्समध्ये घरमालक स्थानिक जामीन मागतो. चोपड्याचा मामा तिथे चालत नाही. त्यावर ‘व्हिसाल’ नावाची योजना आहे, तीत फुकटात जामीन मिळतो. जर्मनीत अशी सोय माझ्या वाट्याला आली नाही. मी पहिले अठरा दिवस एका सीनियरच्या खोलीत जमिनीवर झोपलो.

इंग्रजीतून शिकायचं तर जर्मनीत पदव्युत्तरला भरपूर विषय सापडतात, पदवीला त्या मानानं कमी. तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं विषयांची यादी आधी बघावी, मग देश. जर्मनीत परीक्षेची नोंदणीही वेगळी करावी लागते. वर्गात बसलात म्हणून परीक्षेला बसाल असं नाही.

जेवणाचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच. कळण्याचं पीठ आणि शेवभाजीचा मसाला नेला की निभतं. आजीला हे पटलं नाही, तो भाग वेगळा. कॉलेजच्या यादीत जपानही होतं. तिथे एक्स्चेंजवाल्यांसाठी निवडकांना महिन्याला 80,000 येनची सरकारी शिष्यवृत्ती असते, पण सत्र पुन्हा एप्रिललाच आणि माळकरी घरातली पोरगी. तिथल्या साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.

मामेबहिणीला मी फ्रान्स म्हणालो. सहावं सेमिस्टर आहे, विषय जुळतात, वर्ष मोडत नाही. हीच मुलगी आठव्या सेमिस्टरला असती आणि प्रोजेक्टसाठी तिकडचा गाइड मिळाला असता, तर जर्मनी म्हणालो असतो. गुणांच्या कागदावर अजून सही झालेली नाही. मामा या वर्षी पहिल्या वेचणीचा कापूस घरात न साठवता लगेच मोडणार आहे.