वस्तोक-१ चं मॉडेल किट: गोळा सुरेख, पण यान सुटं होत नाही

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन, त्याचं यान वस्तोक-१ मुलांच्या हातात देता यावं, म्हणून एकास चोवीस प्रमाणातलं हे प्लॅस्टिकचं किट घेतलं.

आधी जे मनापासून आवडलं ते. आकार अचूक आहे. ही साधी गोष्ट नाही, कारण सोव्हिएत संघाने वस्तोकचं खरं रूप १९६५ पर्यंत जगाला दाखवलंच नव्हतं आणि तोवर चित्रांत कल्पनेतली यानं झळकत होती. आजही अग्निबाणाचा शेवटचा टप्पा जोडलेलं लांबुडकं यान ‘वस्तोक’ म्हणून विकलं जातं. या किटमध्ये मात्र खरा गोळा आहे, मागे उपकरणांचा कक्ष आहे आणि दोघांच्या मधल्या मानेभोवती वायूच्या गोल टाक्यांची माळही आहे. टाक्या इतक्या नेटक्या आहेत की चिमट्याने एकेक बसवताना वेळेचं भान राहत नाही.

खरा गोळा २.३ मीटर व्यासाचा. इथे साडेनऊ सेंटीमीटर भरतो. आत आसन, नारिंगी पोशाखातला अंतराळवीर आणि समोरच्या फलकावर ‘ग्लोबुस’ हा यानाची जागा दाखवणारा छोटा पृथ्वीगोलही आहे. शिरस्त्राणावरची चार रशियन अक्षरं पाण्यात भिजवून चिकटवायची आहेत, ती सुबक बसतात. गोळ्याच्या दोन अर्धांचा सांधा मात्र नीट जुळत नाही. भरपूर घासावं लागतं.

आता माझी खरी तक्रार. गोळा आणि उपकरणकक्ष कायमचे एकमेकांना चिकटवायचे, अशी सूचना आहे. त्यांना बांधून ठेवणारे धातूचे पट्टे साच्यातच कोरलेत. वस्तोकची सगळी गोष्ट तर सुटं होण्याची आहे! १२ एप्रिल १९६१ ला परतीचं इंजिन चालून थांबलं, पट्टे सुटले, पण तारांचा एक जुडगा दोन्ही भागांना जोडलेलाच राहिला. यान गरगरत खाली येत होतं. सुमारे दहा मिनिटांनी वातावरणाच्या उष्णतेने त्या तारा जळाल्या, तेव्हा गोळा मोकळा झाला. मग गुरुत्वमध्य एका बाजूला ठेवलेला असल्याने त्याने आपली दिशा आपणच धरली. सोव्हिएत यानांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्या टीमने गोळा निवडला त्यामागे हाच विचार होता: वातावरणात शिरताना यानाची दिशा सांभाळायला वेगळी यंत्रणा लागू नये. हे मुलांना दाखवायचं तर दोन्ही भाग वेगळे व्हायलाच हवेत.

म्हणून मी सूचना बाजूला ठेवली. मानेच्या दोन्ही बाजूंना छोटी चुंबकं बसवली, तारांच्या जुडग्यासाठी खरी बारीक तार वापरली आणि गोळ्याच्या आत तळाशी शिशाचा तुकडा चिकटवला. आता सुटा केलेला गोळा कसाही ठेवला तरी वळून त्याच बाजूवर येतो. वर्गात यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला करता आलेलं नाही.

दुसरी उणीव आसनाची. तेही पक्कं चिकटवायचं आहे आणि झाकण उघडत नाही. गागारिन गोळ्यात बसून उतरला नाही; सुमारे सात किलोमीटर उंचीवर आसनासह बाहेर फेकला गेला आणि सारातोव्ह प्रांतात आपल्या पॅराशूटने जमिनीवर आला. विक्रमाच्या नोंदीसाठी वैमानिकाने यानातच उतरणं आवश्यक होतं, म्हणून ही गोष्ट सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बरीच वर्षं लपवली. आज ती सर्वांना ठाऊक आहे, तरी सूचनापत्रकात तिचा उल्लेखही नाही. १०८ मिनिटांच्या त्या उड्डाणातला सर्वांत धाडसी क्षण वगळला गेलाय, याचं मला फार वाईट वाटलं.

पाचपैकी साडेतीन. कपाटात ठेवायला हवं असेल तर जसं आहे तसं घ्या, देखणं दिसतं. शिकवायला हवं असेल तर गोंद उघडण्याआधी चुंबकं आणून ठेवा आणि आसनाच्या खाचेत थोडी ढील सोडा, म्हणजे ते बाहेर काढता येईल. कंपनीने पुढच्या आवृत्तीत झाकण उघडतं केलं, तर शाळेसाठी आणखी एक मी नक्की घेईन.