वेल्डिंगचा फिल्टरवाला मास्क: घ्यावा का?

गोव्यात कुंडई औद्योगिक इस्टेटीत फॅब्रिकेशनचं काम करतो. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पाइप वेल्ड केले की रात्री हुडहुडी, अंगदुखी, तोंडात धातूची चव. जस्ताच्या धुराचा ताप तो. दूध-गूळ खाऊन थांबत नाही, कोणी काही सांगो! फोंड्यात हा रबरी मास्क घेतला, दोन्ही गालांना पी-१०० फिल्टर, म्हणजे धुराचे बारीक कण अडवणारे. हेल्मेटखाली नीट बसतो. स्टेनलेसच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, असतं. वेल्डिंगचा धूर आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २०१७ सालीच कर्करोगकारक ठरवलाय, तेव्हा रुमाल बांधून भागत नाही. मे महिन्यात मात्र हनुवटीशी घामाचं तळं साचतं. दाढीवाल्यांनी घेऊ नये, कडेनं धूर शिरतो. थिनरची वाफ हे फिल्टर अडवत नाहीत, त्याला कार्बनचं कार्ट्रिज वेगळं घ्या.