कंसातल्या सालाचा माग: आठ महिन्यांनंतर

वारीवरच्या प्रबंधासाठी वाचताना एका लेखात (कर्वे १९८८) असं दिसलं, म्हणजे कंसात संदर्भाच्या लेखकाचं आडनाव आणि साल. पण मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे तर १९७० मध्येच गेल्या! छपाईची चूक असणार असं वाटूनही मी तो कंस जसाच्या तसा माझ्या प्रकरणात उतरवला. गाइड मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढला आणि एवढंच विचारलं, "हे तू स्वतः पाहिलंस?"

तेव्हापासून, म्हणजे गेले आठ महिने, एकच सवय लावून घेतलीय. मजकुरातला कंस दिसला की शेवटच्या संदर्भयादीतली त्याची नोंद काढायची, आणि नोंदीवर न थांबता मूळ लेख उघडायचा. १९८८ हे एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या संग्रहाचं साल निघालं. लेख त्याआधी १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलेला. आणि तोही अनुवाद! मूळ लेख मराठी, बाईंच्या 'परिपूर्ती' या लेखसंग्रहातला. पंढरपूरला जाणारे लोक ज्या मुलखातले, तो महाराष्ट्र, ही त्या लेखातली बाईंची व्याख्या मी दोन संध्याकाळी खपून इंग्रजीतून मराठीत आणत होते. मूळ मराठी पुस्तक ग्रंथालयात तीन कपाटं पलीकडेच होतं.

दुसरी फसगत आडनावाची. (कर्वे १९६३) म्हणजेही इरावतीबाईच असं धरून चालले होते. ते निघाले त्यांचे यजमान दि. धों. कर्वे. आता आद्याक्षरं पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. पानांचंही तसंच. नातेव्यवस्थेवरचं बाईंचं पुस्तक १९५३ चं, सुधारित आवृत्ती १९६५ ची. कंसात १९६५ असेल आणि हातात पहिली आवृत्ती, तर त्या पानावर भलतंच काही सापडतं.

नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. फुकट आहे, पण पीडीएफ भरत गेलं की फुकट मिळणारी ऑनलाइन साठवणुकीची ३०० एमबी जागा लवकर संपते. एकदा एका एआय साधनालाही संदर्भ विचारला. कंस अगदी सुबक दिला, पण त्या नावाचा लेख कुठल्याच सूचीत सापडेना. ते प्रकरण तिथेच मिटवलं.

जुन्या मराठी पुस्तकांपुढे मात्र ही पद्धत हात टेकते. 'एका विद्वानांनी म्हटल्याप्रमाणे' एवढंच लिहिलेलं असतं. साल नाही, पान नाही. किंवा तळटीपांत ओळीने सहा वेळा 'तत्रैव' (म्हणजे वरचाच संदर्भ), आणि ज्या पानावर मूळ नाव आहे तेच झेरॉक्समधून गायब. असल्या दोन टीपा अजून सुटलेल्या नाहीत, शनिवारी पुन्हा ग्रंथालयात जाणार आहे.