पत्ता ओढा, पुढे चला: कार क्लबच्या पोकर रनचा काही महिन्यांचा अनुभव

दसऱ्याच्या सुमाराला रत्नागिरीतल्या एका कार क्लबची मेंबरशिप घेतली, आता आंबा संपत आला, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालीये म्हणून लिहितोय. क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाही, माणसं चांगली आहेत आणि खाली थोडी कुरकुर आहे.

पोकर रन म्हणजे काय ते आधी. रूटवर पाच थांबे, प्रत्येक थांब्यावर एक व्हॉलंटिअर 52 पत्त्यांचा कॅट घेऊन बसलेला. दर गाडीला एक पत्ता ओढायचा, स्कोअरकार्डवर लिहून सही घ्यायची, पत्ता परत कॅटात. शेवटच्या थांब्यावर पाच पत्त्यांचा हात (म्हणजे पत्त्यांची जुळणी, जितकी दुर्मिळ तितकी मोठी) ज्याचा भारी तो जिंकला. आधी कोण पोचला याला शून्य किंमत, आणि मला विचाराल तर पैसे यासाठीच वसूल होतात. पत्ते नसलेले ग्रुप ड्राइव्ह पण मी बघितलेत, नाव ग्रुप ड्राइव्ह आणि आरे-वारेच्या वळणांवर एकमेकांना ओव्हरटेक, समुद्र कोणी बघतच नाही. इथे घाई करून मिळणार काय? राजा यायचा असला तर सावकाश गेलात तरी येतो.

माझा आवडता रूट गुहागरवरनं खाली येणारा. पहिला पत्ता गुहागरच्या समुद्रावर, मग वेळणेश्वर करून हेदवीला दुसरा, तवसाळवरनं फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडच्या किल्ल्यावर तिसरा, मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाशी चौथा, आणि गणपतीपुळे मागे टाकून आरे-वारेला शेवटचा. हेदवीला बामणघळ (खडकातल्या भेगेत लाट घुसून पाणी उंच उडतं ती जागा) बघायची तर भरतीची वेळ साधावी लागते, सुकतीला गेलात तर नुसती खडकातली भेग दिसते. आमचे ॲडमिन आधी भरतीचं टायमिंग बघतात आणि मग निघायची वेळ ठरवतात, हे मला फार आवडलं.

फेरीबोटीत मात्र सगळ्या गाड्या एका फेरीत मावत नाहीत, ताफा तुटतोच. दुसऱ्या ठिकाणी यावरनं भांडणं झाली असती, इथे मागे राहिलेले आरामात जेटीवर कोकम सरबत पीत बसतात कारण नुकसान काहीच नाही. पुढचे जयगडला थांबतात.

आता खरी मजा. सासरेबुवांना सोबत नेतो, जन्मभर मेंढीकोट आणि तीन पत्ती खेळलेला माणूस. एकदा त्यांच्या कार्डावर पाच-सहा-सात-आठ-नऊ सिक्वेन्स लागला, दुसऱ्या एका गाडीला सगळे बदाम, म्हणजे कलर. ॲडमिन म्हणाले पोकरमध्ये कलर मोठा. सासरे म्हणाले, "अहो, तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, हे कुठलं नवीन शास्त्र?" दोघंही आपापल्या जागी बरोबर. तीन पत्ते असले की सिक्वेन्स दुर्मिळ, पाच पत्ते एकाच कॅटातनं वाटले की कलर दुर्मिळ, त्यामुळे क्रम उलटतो. पण आपल्याकडे पाचही पत्ते एका कॅटातनं कुठे येतात? दर थांब्यावर नवा पूर्ण कॅट! रात्री वहीत मांडून बघितलं तर कलरचा, म्हणजे पाचही पत्ते बदाम किंवा पाचही इस्पिक असे यायचा चान्स 256 मध्ये एक, आणि सिक्वेन्सचा साधारण 309 मध्ये एक. म्हणजे पोकर रनच्या हिशोबाने सासरेच बरोबर निघाले. ग्रुपवर टाकलं, भरपूर अंगठे आले, नियम मात्र अजून तोच आहे आणि जावई म्हणून मला ते अधूनमधून ऐकावं लागतं.

अजून एक घोळ, दोन थांब्यांवर तोच इस्पिकचा एक्का आला तर? आमच्याकडे पेअर धरतात. तुमच्या क्लबात हे निघण्याआधीच विचारून घ्या.

बक्षीस रोख नसतं, हापूसची पेटी नाहीतर काजूगर. बरंच आहे, कारण पत्ते आणि पैसे एकत्र आले की 1887 चा जुगार कायदा आठवतो आणि रविवारची सकाळ पोलीस चौकीत घालवायची हौस कोणाला नाही. फीमध्ये नाश्ता-जेवण धरलेलं असतं. नाश्त्याचे घावणे झकास, जेवणाची थाळी प्रत्येक वेळी यथातथाच, वर हॉटेलवाल्याला आधी आकडा सांगूनही भात संपतो हे मला कळत नाही.

कुरकुर नंबर एक, गाड्या फार घेतात. हेदवी-वेळणेश्वरच्या रस्त्यावर समोरनं एसटी आली की एवढ्या मोठ्या लायनीने रिव्हर्स घ्यायचा कुठे, बाजूला गडगा आणि गडग्यापलीकडे कोणाची तरी सुपारी. पंधराच्या वर गाड्या घेऊच नयेत. दुसरं म्हणजे सगळं लाइव्ह लोकेशनवर चालवतात आणि खाडीच्या उतारांवर मोबाईलला रेंज नसते. पुढच्या नि शेवटच्या गाडीत वॉकीटॉकी द्या असं सांगून दमलो.

गाडी पळवायची हौस असेल तर घेऊ नका, कंटाळाल. घरातली म्हातारी माणसं, पोरं घेऊन समुद्राकडेने हळूहळू जायचं असेल तर घ्या. पोरांना पत्ता ओढायला द्या म्हणजे गाडीत मोबाईल मागत नाहीत. मी रिन्यू करतोय, पण पावसाळ्यानंतर, त्याआधी त्या कलर-सिक्वेन्सचं काय ते लेखी पाहिजे असं सासऱ्यांचं म्हणणं आहे.